तळहातावरचं तिकीट

मला गाण्यातलं काही कळत नाही. तेव्हा कळत नव्हतं आणि आता पंचेचाळिशी ओलांडली तरी कळत नाही. रेडिओ लागलेला असला की मी बातम्यांची वाट बघते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला जाणकार समजायला नको.

जाणकार म्हणायचं तर माझी काकू. तिलाही कुणी शिकवलेलं नव्हतं. आमचं घर चुडाव्याला, स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटेवर. पुढे किराणा-भुसाराचं दुकान, मागे घर. घरात काका, काकू आणि मी. माझी आई लवकर गेली, वडील राणीसावरगावची शेती बघायचे, आणि काकूला मूल नव्हतं, म्हणून मी तिच्याकडे वाढले. यात रडण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांचीच सोय होती.

स्टेशनाजवळच्या हाटेलात फोनो होता. चार-सहा तबकड्या आलटून-पालटून वाजायच्या, त्या आमच्या घरात ऐकू यायच्या. त्यातली एक त्या बाईची होती, जिचं नाव तेव्हा पुण्या-मुंबईपासून हैदराबादेपर्यंत घेतलं जायचं. ती लागली की काकूचा हात थांबायचा. दळत असली तर जातं थांबायचं, भाकरी थापत असली तर भाकरी परातीत तशीच. तीन मिनिटांत तबकडी संपायची आणि काकू चिडायची.

"ती बाई थांबत न्हाई गं," ती म्हणायची, "तिला थांबवायलेत."

"कोण थांबवायलंय? गाणं संपलं की," मी म्हणायचे.

"संपलं कुठं? आत्ता तर वर चढायली व्हती."

तबकडीत तेवढंच मावतं, हे काकांनी तिला समजावून सांगितलं होतं. ते तिला पटलं, पण त्याने भागलं नाही. त्या बाईला कुणी थांबवलं नाही तर ती कुठवर जाते, हे एकदा समोर बसून ऐकायचं, एवढंच तिचं मागणं होतं. लुगडं, दागिना, तीर्थ, यांतलं तिने काकांकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मात्र ती वर्षातून दोन-तीनदा बोलून दाखवायची.

निजामाचं राज्य संपायला अजून तीन-चार वर्षं होती. त्या वर्षी भादव्यात बातमी आली की ती बाई हैदराबादेहून परतताना परभणीला उतरणार आहे आणि एका जिनिंगच्या शेडात तिचं गाणं होणार आहे. कापूस यायला महिनाभर अवकाश होता, शेड रिकामं होतं. माणसं जमवायची तर तेव्हा परवानगी लागायची. ती मिळाली दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत. दुपारचं गाणं काय रंगणार, असं म्हणणारे लोकसुद्धा दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या मागे लागले.

तिकिटं परभणीला एका कापडाच्या दुकानात होती. काका पहिल्या दिवशी गेले. तिथे एवढी रेटारेटी होती की त्यांची टोपी गेली आणि तिकीट मिळालं नाही. दोन दिवसांनी पुन्हा गेले, त्या दुकानदाराच्या ओळखीच्या एका आडत्याला बरोबर घेऊन. दुकानदाराने चहा पाजला, पान दिलं आणि हात जोडले. वकील, डॉक्टर, कचेरीतले साहेब, सगळ्यांची नावं आधीच लागली होती. काका परत आले ते एकच बातमी घेऊन. जनान्याच्या साठ जागा राखून ठेवल्या होत्या आणि त्या ज्या दिवशी गाणं त्याच दिवशी सकाळी मिळायच्या होत्या. बाईने स्वतः यायचं. पुरुषाच्या हाती मिळणार नाही. कागदाचं तिकीटही नाही, कारण दुसऱ्या एका गावात जनान्याचं एकेक तिकीट पडद्याआडून बाहेर येऊन त्यावर पाच-पाच बाया आत गेल्या होत्या. म्हणून या वेळी हातावर शिक्का मारायचं ठरलं होतं.

"तिथं जाऊन वळीत उभं ऱ्हायचं म्हणतेत," काका म्हणाले. "तुमी दोघी ऱ्हानार का?"

"तुमची टोपी गेली," काकू म्हणाली. "माझा पदर कोण नेतंय?"

"आन् दुकान?"

"दुकान एक दिवस बंद ऱ्हाऊ द्या. लोकं मीठ उसनं घेतील."

आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. एवढ्या पहाटे आंघोळ आणि पूजा जमणार नव्हती, म्हणून ती परभणीला एका मठाच्या विहिरीवर करायची असं काकूने ठरवलं. आमच्याकडे गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय खात नाहीत. काकू तर पाणीही घेत नसे. भाकऱ्या आणि तिळाची चटणी फडक्यात बांधून घेतली होती. काका आम्हाला, शिक्का मिळायचा त्या जिनिंगवाल्यांच्या घराच्या बाजूच्या दारापर्यंत सोडून धान्याच्या बाजारात, मोंढ्यात गेले.

बायकांना वळ, म्हणजे रांग, हा प्रकार नवा होता. कुणी उभं राहायला तयार नव्हतं, सगळ्या भिंतीच्या सावलीला बसल्या. जागा राखायला कुणी तांब्या ठेवला, कुणी पिशवी, कुणी नुसती चप्पल. एक बाई घरी जाऊन चूल विझवून आली, तोवर तिची चप्पल चार जागा मागे गेली होती. त्यावरून अर्धा तास भांडण झालं. आमच्या पुढे एक वकिलीणबाई होत्या, मोलकरणीला छत्री धरायला लावून बसलेल्या. त्यांनी वळून काकूला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"चुडाव्याच्या."

"तिकडे असलं गाणं ऐकतात?"

"तिकडंबी लोकांना कानं हायत बाई," काकू म्हणाली. वकिलीणबाई हसल्या आणि त्यांनी सरकून तिला सावलीत जागा दिली.

दार उघडून एक उंच, पांढऱ्या केसांची मुसलमान बाई आली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या घरचा सगळा जनाना तिच्या हुकमात होता, आणि लहानथोर सगळ्या तिला खाला म्हणत. तिच्या हातात जिनिंगच्या कचेरीतला गोल रबरी शिक्का होता आणि जांभळ्या शाईची गादी. वळीत निम्म्या बाया बुरख्यात होत्या, निम्म्या डोक्यावरून पदर ओढून. खाला तोंड कुणाचंच बघत नव्हती. हात पुढे आला की धरायचा, ठप्पा मारायचा, पुढची. आणि ठप्पा डाव्या तळहातावर, कारण उजव्याने जेवायचं असतं. मला तेव्हा वाटलं, किती विचार करून ठरवलंय.

काकूच्या हातावर ठप्पा नीट उठेना. तिचा डावा तळहात पसरला तरी आपोआप खोलगट व्हायचा, पाणी घ्यायला ओंजळ करावी तसा.

"अम्मा, हात सीधा रखो ना," खाला म्हणाली.

"सीधाच हाय," काकू म्हणाली.

खालाने दोनदा दाबला तेव्हा शिक्क्याची नुसती कड उठली. माझा मात्र छान उमटला, अक्षरं वाचता येतील असा. आमच्यामागे दहा-बारा जणी झाल्या आणि खालाने दार लावलं. बाहेर राहिलेल्या बायका दारावर थापा मारत होत्या. एक जण रडत होती. काकू आपला डावा हात उजव्या हातात धरून त्यांच्यामधून निघाली, जळता निखारा नेत असल्यासारखी.

मठाच्या विहिरीवर कुणी नव्हतं. आंघोळ करताना काकूने डावा हात डोक्याच्या वर धरून ठेवला. मीच तिच्या अंगावर पाणी घातलं. एवढी सावध बाई. मग ती कोरडं लुगडं नेसून ओट्यावर पूजेला बसली.

आमची पूजा सोपी असते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, त्यावर पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलपान वाहायचं आणि मग मन लागेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं. काकूला लहानपणी दीक्षा मिळाली तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. त्या वेळी तिचा तळहात तिचा राहायचाच नाही, लिंगाचा व्हायचा. त्याच्यावर आणखी काही आहे, हे तिच्या ध्यानात येण्यासारखंच नव्हतं. माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण मी त्या वेळी फडक्याच्या गाठीकडे बघत होते.

पूजा आटोपून ती भाकरी डाव्या हातावर घ्यायला गेली आणि थांबली. तळहात स्वच्छ होता. पाण्याने जे राहिलं असतं ते भस्माने घासून निघालं होतं. रेषांमध्ये कुठेकुठे फिकट जांभळं दिसत होतं, तेही बघायचं म्हणून बघितलं तर.

"गेला," ती म्हणाली.

"माझा हाय की," मी म्हणाले आणि माझा हात तिच्यापुढे धरला. तिला धीर द्यायला. धरल्याबरोबर माझी चूक मला कळली.

काकूने माझ्या हाताकडे बघितलं. "तुझा कसा काय ऱ्हायला?"

मी हात मागे घेतला.

"लिंग हातात घेतलंस का न्हाई?"

"डबी कपाळाला लावली."

"डबी," काकू म्हणाली. "देवाची डबी न उघडता कपाळाला लावली. भाकरीचं फडकं मातर उघडलंस."

ती आणखी बोलली असती तर बरं झालं असतं. मला सुचलं ते मी केलं. विहिरीच्या काठावर हात ओला केला आणि माझा तळहात तिच्या तळहातावर दाबून धरला. उचलला तेव्हा तिच्या हातावर एक उलटा, फिस्कटलेला डाग होता आणि माझ्या हातावरचा अर्धा शिक्का पुसला होता. काकूने खाली वाकून मूठभर माती घेतली आणि आपला हात घासून टाकला.

"खोटं घिऊन जाऊ व्हय तिच्यापुढं?" ती म्हणाली. "तू जा आत. मी भाईर भिताडापाशी बसंन. ऐक आन् मला यिऊन सांग."

"मला काय सांगता यील? मला कळतंय का त्यातलं?"

"न्हाई कळत," ती म्हणाली. ते तिने मान्य केलं, आणि मग मात्र तिचा चेहरा बघवेना. घरापासून एवढं येऊन, सावलीत चार तास बसून, हाती आलेलं असं तिच्याच पूजेत गेलं होतं. रागवायचं तरी कुणावर?

दोन वाजता आम्ही जिनिंगवर गेलो. जनान्याचं दार मागच्या अंगाला होतं, आणि तिथे गोंधळ चालला होता. पंचवीस-तीस बाया दाराशी अडल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींचे तळहात काकूसारखेच स्वच्छ होते. दुपारची नमाज पढायच्या आधी हात-तोंड धुवावं लागतं, हे पुरुषांनी शिक्का ठरवताना लक्षात घेतलं नव्हतं. खालानेही नाही. बुरख्यातल्यांपैकी शिक्का शाबूत होता तो नमाज न पढलेल्यांचा.

एक म्हातारी बुरख्यातल्या सुनेचा हात धरून उभी होती. "मेरा गया, तेरा कैसा रह गया?" ती विचारत होती. "जोहर नईं पढी क्या?" सून हात सोडवायला बघत होती.

काकू सकाळपासून पहिल्यांदा हसली. "तिकडंबी डबीच कपाळाला लावलेली दिसती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

दारातल्या माणसाने आतून ओरडून विचारलं की शिक्का नसलेल्यांना परत पाठवायचं का. खालाने त्याला गप्प केलं. "सुबू ठप्पा कौन मारी? मैं मारी ना? तो मैं देखती. मुंह मैं किसीका देखीच नईं. हातां देखी. एक-एक आओ."

आणि ती खरंच हात बघू लागली. हात धरायची, उलटा करायची, बोटं दाबायची, तळवा अंगठ्याने चेपायची. आत सोडायची. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली, हिशेब तोंडपाठ असणारी, कायदा तोंडपाठ असणारी. साठ अनोळखी हात एका सकाळीत लक्षात ठेवणारी तीच एक. मधेच एका बाईचा हात तिने धरला आणि लगेच सोडला. "ये हात मेरे हात में नईं आया, बीबी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ती बाई वळली आणि निघून गेली. तिथपासून मागे कुजबुजही बंद झाली.

काकूची पाळी आली. खालाने तिचा डावा हात घेतला आणि पसरला. सोडल्याबरोबर तो पुन्हा खोलगट झाला. खालाने पुन्हा पसरला. काकू श्वास धरून उभी होती, मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

"ये हात सुबू बी सीधा नईं हुआ था," खाला म्हणाली. "जाओ अम्मा."

काकू आत गेली. पायऱ्या चढून वरच्या माळ्यावर, बांबूच्या कामट्यांच्या चिकामागे. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मीही बघितलं नसतं.

माझी पाळी शेवटची. खालाने माझ्या हातावरचा फिस्कटलेला डाग उजेडात धरला.

"ये क्या है?"

"पानी लगा."

"पानी से ठप्पा आधा उठता क्या? किसकू दी?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "दी. पर काकू ली नईं," मी म्हणाले.

तिने वर माळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ऊपर नक्को. इधर बैठ, मेरे बाजू. हिली तो बाहर."

अशी मी दाराच्या पायरीवर, खालाच्या पायाशी बसले. तिथून शेडाची सगळी लांबी दिसत होती, आणि मधे चीक नव्हता. पुरुष इतके दाटून बसले होते की जमीन दिसत नव्हती. आढ्याला मागच्या हंगामाचा कापूस चिकटलेला होता. भिंतींवरही होता, त्यामुळे पत्र्याचं शेड असून आवाज घुमत नव्हता. वरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे आले होते आणि त्यांत कापसाचे तंतू तरंगत होते.

ती बाई आली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी तिची मोलकरीण पानाचा डबा ठेवायला आली. बुटकी, सावळी, साधं पांढरं पातळ. खोकली, पाणी प्यायली, पदर सारखा केला. तंबोरे लावण्यातच इतका वेळ गेला की गाणं सुरू होऊन संपलं की काय असं मला वाटू लागलं. मग तिने एक सूर लावला आणि त्याच्यावरच बसून राहिली. बराच वेळ झाला तरी ती तिथून हलेना. मला वाटलं, हिला बरं नाही. तबकडीवर ती किती चपळ होती.

पण माणसं हलत नव्हती. म्हणून मीही कान देऊन बघितलं. गाणं कळत नसलं तरी श्वास कळतो. तिने सूर घेतला की मी माझा श्वास धरायचा असं ठरवलं. पहिल्या खेपेला माझा श्वास सुटला, ती तिथेच होती. दुसऱ्या खेपेला मी पोट भरून हवा घेतली. सुटली. मी विहिरीत बुडी मारणारी मुलगी होते, गावात माझ्याएवढा वेळ पाण्याखाली कुणी राहत नसे. चौथ्या खेपेनंतर मी नाद सोडला आणि मग मला ऐकू येऊ लागलं.

काय ऐकू आलं ते मला सांगता येत नाही. ती एक-एक पायरी चढत होती. चढायची, आणि तिथे पाय ठरतो का ते बघायची, आणि ठरला तरी पुन्हा खाली उतरून दुसरीकडून यायची. घाई नव्हती. आमच्याकडे कामाला इतका वेळ घेणाऱ्याला आम्ही आळशी म्हणतो. हिला तसं म्हणायची माझी छाती झाली नसती. मग ती अशा ठिकाणी पोचली की त्याच्या वर काही असेल असं मला वाटलं नाही, आणि ती तिथूनही वर गेली. मला भीती वाटली, हे खरं सांगते. एवढंसं माणूस, त्यातून एवढं निघतं, आणि त्याला काहीच होत नाही.

मी खालाकडे बघितलं. ती सकाळपासून बसली नव्हती, अजूनही उभीच होती. किल्ल्यांचा जुडगा तिने दोन्ही मुठींत गच्च धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. बोटं पांढरी पडली होती. बंदोबस्ताला आलेला शिपाई तिच्यापलीकडे भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा पटका निसटून खांद्यावर आला होता तरी त्याला पत्ता नव्हता.

उन्हाचे पट्टे जमिनीवरून भिंतीवर चढले तेव्हा ती खाली आली, त्याच पहिल्या सुरावर, आणि तिथे थोडी थांबून गप्प झाली. तिला कुणी खूण केली नव्हती. दिवस अजून होता. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी माणसांनी नुसती बैठक बदलली, तेवढाच आवाज झाला.

संध्याकाळच्या गाडीत काकू खिडकीशी बसली. काकांना भिंतीबाहेर उभं राहून बरंच ऐकायला मिळालं होतं, ते खुशीत होते.

"मंग?" ते म्हणाले. "कुठवर गेली तुझी बाई?"

"मला सांगता यायचं न्हाई," काकू म्हणाली. "लय लांबवर मी संगं व्हते. मंग सुटले."

पूर्णा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"तू कुठं व्हतीस?"

"दारात. खालापाशी."

"दारातून दिसत व्हती?"

"समोरच."

"चीक लय दाट व्हता. मला काईच दिसलं न्हाई. कशी हाय गं ती?"

मी होतं ते सांगितलं. बुटकी आहे, तुझ्या खांद्याला लागेल एवढी. सावळी. खोकते. चौरंगावरून उतरताना एका बाईने तिला हात दिला.

काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बुटकी?"

"हौ."

"तू नीट बघितलंस का?"

"दोन तास तेवढंच बघत व्हते."

"मला वाटलं," काकू सावकाश म्हणाली, "ती उभी ऱ्हायली तर आढ्याला लागंल."

काका हसले. मी हसले नाही. मी तिला पायरीवरून धडधडीत बघितलं होतं, आणि तरी काकूचं मला खोडून काढता आलं नाही.